दोघींच्या गुणांची बेरीज

माडवण्याच्या ग्रामसभेत शलाका मयेकरचं नाव निघालं, तेव्हा मतं मोजायची वेळच आली नाही. देवळाच्या सभामंडपात बसलेल्यांनी माना डोलावल्या, मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपला. हायस्कुलात उभा जन्म मराठी शिकवलेली बाई, कॉलेजात वादविवादाचे करंडक मारून आणणारी, त्यातून सरपंचांची बायको. गावाची कैफियत लिहायला आणखी कोण हवं? आणि खरं सांगायचं तर गावात दुसऱ्या कोणाला हातात पेन धरून पानभर लिहायची सवयच उरली नव्हती. माणसं बोलत आणि यंत्रं लिहीत.

"लिहीन मी," शलाका म्हणाली. "पण पलीकडून कोण लिहितंय?"

सरपंच विद्याधर मयेकर, म्हणजे तिचे यजमान, जरा घुटमळले. "नाझनीन परकार."

"अरे वा," शलाका म्हणाली. चारचौघांत बरं दिसावं म्हणून म्हणाली.

आता ही कैफियतीची भानगड काय, ते सांगायला हवं. माडवणे आणि जुईबंदर ही एकाच खाडीच्या मुखाशी समोरासमोर वसलेली गावं. समुद्र वर्षागणिक चढत होता. उधाणाचं पाणी आधी काठच्या खाजणात आलं, मग शेतात, मग विहिरींत. दोन्हीकडे चहाला पाणी टँकरचं. उपाय एकच होता, मुखाशी उंच बंधारा. पण खाडीचं तोंड पडलं अरुंद. एका काठाला बंधारा घातला की उधाण दुसऱ्या काठावर दुप्पट जोरानं चढणार. दोन्ही काठांना घातला तर डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी कोंडून दोन्ही गावं आतून बुडणार. थोडक्यात, एक गाव राहणार आणि एक उठणार. इंजिनिअरांनी दोन्ही बाजूंचे अहवाल दिले. दोन्ही अहवाल खरे होते, आणि कुठलाही काठ निवडला तरी खर्च सारखाच होता.

पूर्वी असलं प्रकरण कोर्टात कुजलं असतं आणि तोवर समुद्रानं दोन्ही गावं खाल्ली असती. आता पटमापक आला होता.

मेंदूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या असं लक्षात आलं होतं, की दुसऱ्याचं म्हणणं वाचताना माणसाचं डोकं सतत बारीकसा विरोध करत असतं. 'सांगणारा हा कोण?', 'मला काय त्याचं?' आणि 'हे कशावरून?' असं विचारणारे तीन पहारेकरी म्हणा ना, मेंदूत तीन ठिकाणी जागे असतात. वाचलेलं पटू लागलं की ते एकेक करून पेंगू लागतात. गंमत म्हणजे, आपल्याला पटलंय हे माणसाला स्वतःला कळायच्या आधीच ते पेंगलेले असतात. मेंदूतल्या पेशींच्या हालचालीतून उठणारं अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपणारी एक हलकी टोपी निघाली, तोच पटमापक. ती घालून माणूस वाचायला बसला, की कुठल्या वाक्याला कुठला पहारेकरी पेंगला ते पडद्यावर रेषेनं दिसे. रेषा तीन होत्या. लिहिणाऱ्यावरचा विश्वास, भावना आणि तर्क.

शोध लागला होता भ्रमिष्ट रुग्णांच्या उपचारासाठी. तो तिथं थांबेल कशाला? जाहिरातवाल्यांनी उचलला, मग पक्षवाल्यांनी, आणि शेवटी किनारा मंडळानं. मंडळानं नियम केले ते मात्र चोख. गावातल्याच एका माणसानं बंद खोलीत, स्वतःच्या हातानं, शपथेवर कैफियत लिहायची; आधी घरी खर्डे करायला हरकत नाही. एक गोष्ट जरी खोटी निघाली तरी गाव बाद. मग समुद्र कधी न पाहिलेले, लांबच्या जिल्ह्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले वाचक टोप्या घालून दोन्ही कैफियती वाचणार. नावं झाकलेली. जी जास्त पटेल त्या गावाला बंधारा. लोक खूश झाले. लाच नाही, वशिला नाही, आणि यंत्रही काही ठरवत नाही, ते बापडं फक्त मोजतं.

मोजणं म्हणजे ठरवणं नव्हे, असं तेव्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

नाझनीन आणि शलाका लहानपणापासूनच्या मैत्रिणी, कॉलेजातही एकाच संघात होत्या. वादविवाद स्पर्धेत प्रत्येक कॉलेजाची जोडी असायची. एक विषयाच्या बाजूनं बोलणार, दुसरी विरोधात, आणि करंडक मिळणार दोघींच्या गुणांच्या बेरजेवर. म्हणजे व्यासपीठावर जिचा मुद्दा खोडायचा, तिचंच भाषण घरी बसून आपण घासूनपुसून लखलखीत करायचं. त्यांचे आठल्ये सर म्हणायचे, "समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. तोवर तुम्हाला बोलायचा अधिकार नाही." दोघींनी ते इतकं अंगी बाणवलं होतं, की स्पर्धेला जाताना एसटीत दोघी एकमेकींच्या बाजूनं भांडायच्या आणि कंडक्टर कपाळाला हात लावायचा.

पुढं शलाका माडवण्यातच दिली गेली. नाझनीन जुईबंदरच्या शाळेत गणित शिकवू लागली. लग्न केलं नाही तिनं, आईला सांभाळलं. मधे खाडी, पण होडीनं पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो!

विद्याधररावांनी चिपळूणच्या क्लासवाल्यांकडून सरावाची टोपी आणली. गावातल्या कोणाला घालून उपयोग नव्हता, त्यांना आधीच पटलेलं. म्हणून हिंगोलीहून बदलून आलेले बँकेचे मॅनेजर धरून आणले. शलाकानं लिहिलेला पहिला खर्डा त्यांनी वाचला. विहिरी खाऱ्या झाल्याचं वाचताना त्यांचे डोळे पाणावले. शेतीची, बंदराची, शाळेची बाजू वाचताना त्यांनी मान हलवली. भावना वर गेली, तर्कही ठीक गेला. विश्वासाची रेषा मात्र जमिनीला चिकटून राहिली ती राहिलीच.

"काय खटकलं तुम्हाला?" शलाकानं विचारलं.

मॅनेजर अवघडले. "काही नाही हो मॅडम. छान लिहिलंय. पण तुमचं गाव आहे, तुम्ही असंच लिहिणार, नाही का?"

ते गेल्यावर विद्याधरराव म्हणाले, "मी काय म्हणतो, पलीकडे कोण लोक राहतात ते जरा वाचणाऱ्याला कळू दे. नाव नको घेऊस. नुसतं सुचव. परक्या माणसाला बरोबर कळतं."

शलाका उसळलीच. "लाज वाटत नाही तुम्हाला? नाझनीनच्या शरीफाअम्मांच्या घरची सरंगे-कोळंबी खाऊन वाढलात तुम्ही!"

"मी आपला गावासाठी म्हणालो."

"गाव बुडलं तरी चालेल, पण असलं मी लिहिणार नाही."

हे तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं. एवढं ठणकावून सांगितल्यावर तिला हलकंही वाटलं. आपल्या हातून काही वाईट होणार नाही, अशी खात्रीच झाली म्हणा ना.

दोनच दिवसांनी नाझनीन आली. चपला काढून सरळ मागच्या पडवीत जाऊन बसली, नेहमी बसायची तिथंच.

"हां, काढ," ती म्हणाली.

"काय काढू?"

"कैफियत गो. आधी तुझी ऐकते, मग माझी वाचते. स्पर्धेच्या आधी वाचायचो नाही का आपण?"

शलाका तिच्याकडे बघतच राहिली. नाझनीनच्या तोंडावर कपटाचा मागमूस नव्हता. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण बसली होती ती आपली जोडीदारीण म्हणून. दोन गावांतलं एक उठणार हे तिला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण भांडायचं तर नीट भांडायचं, दोन्ही बाजूंनी उत्तम लिहायचं आणि मग होईल ते होईल, ही तिची रीत होती. तिला दुसरी रीत येतच नव्हती.

शलाकानं वाचून दाखवलं. नाझनीन डोळे मिटून ऐकत होती.

"तर्क बरा आहे. विहिरींचा भाग सुंदर," ती म्हणाली. "पण विश्वास बसत नाही ना?"

"नाही बसत. तुला कसं कळलं?"

"कळायला काय टोपी लागते? शलाके, ह्यात आम्ही कुठं आहोत? तुम्हाला बंधारा मिळाला तर आमचं काय होणार, ह्याचा एक शब्द नाही. वाचणाऱ्याला वाटणार, बाई लपवतेय. आमचं नुकसान तू स्वतः लिही. मोठं करून लिही. मग म्हण, हे सगळं दिसत असूनही मी मागते. मग बघ."

"म्हणजे तुमचं घर, शाळा..."

"घर-शाळा कोणीही लिहील. अम्माचं लिही." नाझनीननं खाडीकडे पाहिलं. "कब्रस्तानाची खालची बाजू भिजायला लागलीये. मागच्या उधाणाला अम्माच्या कबरीला पाणी लागलं. मी जाऊन दगड रचले, दुसऱ्या उधाणाला ते गेले. तुमच्याकडे बंधारा झाला की ती कबर राहत नाही. तू तिच्या हातचं सांदण खाल्लंयस. तुझ्या तोंडून आलं तर दगडालासुद्धा पटेल. मी लिहिलं तर काय, माझी आई, मी रडणारच."

शलाकाला शरीफाअम्मा दिसत होत्या, चुलीपुढं बसून सांदणाची वाटी पुढं सरकवणाऱ्या, 'खा गो पोरी' म्हणणाऱ्या. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तिच्या डोक्यात त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं.

मग नाझनीननं आपली कैफियत वाचली. गणिताच्या बाईची कैफियत होती. भरतीची उंची, माणसं, गुरं, आंब्याची कलमं, बंदराचं उत्पन्न, सगळं एकाला एक असं सांधलेलं, की बोट घालायला फट नव्हती. शलाका ऐकता ऐकता थिजली. तर्काच्या रेषेवर ही तिला धूळ चारणार होती. पण माडवण्याचा त्यात एक शब्द नव्हता. जी चूक नाझनीननं शलाकाची काढली, तीच तिनं स्वतः केली होती. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, ती जोडीदारानं दाखवायची असते. त्यासाठीच तर जोडी.

"हां, बोल," नाझनीन म्हणाली. "कुठं कमी पडतेय?"

बाहेर विद्याधरराव कोणाशी तरी टँकरवरून हुज्जत घालत होते. शलाकाला आपलं घर दिसलं, शाळा दिसली, माहेर आणि सासर एकाच आळीत असलेलं आपलं सगळं आयुष्य दिसलं. एक वाक्य सांगायचं होतं. 'नाजू, तूही आमचं लिही.' जिभेवर आलं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "काही बदलू नकोस."

नाझनीनचा चेहरा खुलला. "खरंच? मला उगीच धाकधूक वाटत होती. तू म्हणतेस म्हणजे झालं." तिनं कागद पिशवीत घातले, चहा घेतला आणि भरती लागायच्या आत होडी पकडायला निघाली. शलाका तिला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली. दर वेळी जात असे तशीच.

वाचन रत्नागिरीला एका सभागृहात झालं. काचेच्या भिंतीपलीकडे वाचक टोप्या घालून बसले होते, अलीकडे दोन्ही गावांची माणसं, आणि मधे मोठा पडदा. आधी जुईबंदरची कैफियत. तर्काची रेषा अशी चढली, की माडवण्याच्या लोकांनी आशाच सोडली. भावनाही बऱ्यापैकी हलली. विश्वास मात्र शेवटपर्यंत खाली सरपटत राहिला.

मग माडवण्याची. सुरुवातीला सगळं बेताचं. आणि मग तो परिच्छेद आला.

'समोरच्या काठावर माझी एक आई झोपली आहे. मला जन्म दिलेली नव्हे, पण तिच्या हातचं खाऊन मी वाढले. कब्रस्तानात तिच्या कबरीला आताच पाणी लागतं. बंधारा आम्हाला मिळाला तर ती कबर राहणार नाही, आणि ती मी घालवलेली असेन. पलीकडचं गाव आमच्यापेक्षा कशातही उणं नाही. त्यांचं मागणं माझ्या मागण्याइतकंच खरं आहे. हे सगळं डोळ्यांपुढं असूनही मी माझ्या गावासाठी बंधारा मागते आहे, आणि हे मागताना माझा हात कापतो आहे.'

सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. हातसुद्धा खरोखरच कापत होता. पडद्यावरची विश्वासाची रेषा उठली आणि चढत चढत पार वर गेली, तिच्यामागं भावना गेली, आणि मग सगळ्यांत नवल म्हणजे तर्कही गेला. सांगणाऱ्यावर विश्वास बसला की 'कशावरून' विचारणारा पहारेकरी आपोआप झोपतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते दोन गावांनाही कळलं.

माडवण्याची माणसं उठून ओरडू लागली. विद्याधरराव भर सभागृहात रडले. शलाकानं मान वळवून नाझनीनकडे पाहिलं. नाझनीन पडद्याकडे बघत नव्हती. ती आपल्या कैफियतीच्या प्रतीवर बोट ठेवून एकेक परिच्छेद खाली सरकत होती, मुलाचा चुकलेला हिशोब तपासावा तशी. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग तिनं वर पाहिलं, थेट शलाकाकडे. चूक कुठं होती ते तिला सापडलं होतं. आणि ती चूक शलाकाला त्या दिवशी पडवीत दिसली नसेल, हे शक्य नव्हतं, हेही तिला कळलं होतं.

बंधारा झाला. माडवण्याच्या विहिरी पुढच्या पावसाळ्यानंतर गोड झाल्या. लोकांनी शलाकाचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं. तिची कैफियत किनारा मंडळानं नमुना म्हणून छापली. शाळांत निबंधाच्या तासाला ती वाचून घेऊ लागले. 'विरोधी पक्षाचे दुःख मान्य करून वाचकाचा विश्वास कसा मिळवावा' असा प्रश्न परीक्षेत आला. किनाऱ्यावरच्या गावागावांतून कैफियती येऊ लागल्या आणि प्रत्येकीत पलीकडच्या काठावर कोणाची तरी आई झोपलेली असे. वर्षभरात वाचकांचे पहारेकरी त्यालाही सरावले. ती वाक्यं वाचून कोणाचं काहीच हलेना. मंडळानं शलाकाला पत्र पाठवलं, की आता विश्वासासाठी नवीन काही सुचवता येईल का. तिनं ते चुलीत घातलं.

एक मात्र झालं. घरात ती काही मनापासून बोलली, की विद्याधरराव नकळत क्षणभर थांबून तिच्याकडे बघत. कोणाचं सांत्वन करायला ती गेली, की बाया गप्प होत. "बाईंचं बोलणं म्हणजे काय बाई," असं कौतुकानंच म्हणत, आणि ती लवकर उठून घरी येई.

जुईबंदर उठायला लागलं, त्या आठवड्यात ती पलीकडे गेली. भर दुपारची वेळ होती. रस्त्यात पाणी घोट्यापर्यंत. नाझनीनच्या दारात टेम्पो उभा होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. नाझनीन ओटीवर भांड्यांची पोती बांधत होती.

"ये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. शलाकाला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

"नाजू, मला त्या दिवशी दिसलं होतं. तुझ्या कैफियतीत काय कमी आहे ते. मी सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"मी सांगायला हवं होतं. मी तुझ्याशी..."

नाझनीननं पोत्याची गाठ आवळली आणि वर पाहिलं. "आधी चूक कबूल केलीस. हे बरोबर. विश्वास बसतो. आता अम्माचं काढशील, रडशील, ती भावना. मग म्हणशील, माझं गाव होतं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस. तो तर्क. आणि तो चांगला तर्क आहे गो, मी रोज रात्री स्वतःच तो मांडून बघते. खोडता येत नाही."

"मी वाद घालायला नाही आले!"

"मला कसं कळणार?" नाझनीननं साधेपणानं विचारलं. खरंच विचारलं. "तू सांग, शलाका. तुझं कुठलं वाक्य नुसतं वाक्य आहे, हे मी कशावरून ओळखू? अम्माचं तू लिहिलंस ते खरं होतं. माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तेही खरंच होतं, आणि त्यानंच आमचं गाव गेलं."

शलाकानं तोंड उघडलं. जे जे वाक्य मनात आलं, ते कुठल्या रेषेवर किती चढेल ते तिला आधीच दिसत होतं. रडू आलं, तेही तिनं गिळलं.

"अम्मांना...?" ती एवढंच म्हणाली.

"मौलवींना विचारलं. पाणी येत असेल तर हलवायला हरकत नाही म्हणाले. पण तीन उधाणं झाली वरून. आता कुठली कोणाची, काही कळत नाही."

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. ओटीवर एक लोखंडी कपाट राहिलं होतं. उचलायला कोणी नव्हतं, शेजारची माणसं आधीच गेली होती. शलाकानं पदर खोचला, काही न बोलता कपाटाचं एक टोक धरलं आणि वाकली.

नाझनीन दुसऱ्या टोकाशी आली. वाकता वाकता तिनं शलाकाच्या हातांकडे पाहिलं. कॉलेजात भाषण ऐकून झाल्यावर बघायची, तसंच निरखून.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. "न बोलता केलेलं जास्त पटतं."

शलाकाचे हात कपाटाखाली तसेच राहिले. सोडून द्यावं, तर तेही काहीतरी सांगणं झालं असतं. उचलावं, तर तेही. पाणी ओटीच्या पायरीला लागत होतं आणि ती वाकलेली तशीच उभी होती.

"उचल गो," नाझनीन म्हणाली. "टेम्पोवाला खोळंबलाय."